डोळे खोल गेलेत म्हणून फिलर घ्यावं का? आधी खिडकीपाशी आरसा धरा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, इचलकरंजीत राहतात, शाळेत शिकवतात. गेल्या वर्षभरात ११ किलो वजन उतरवलं, शुगर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, सगळं ब्येस, पण डोळे खोल गेले, गालफडं बसली आणि स्टाफरूममध्ये रोज कोणी ना कोणी विचारतंच, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" एका क्लिनिकमध्ये दोन सिरिंज फिलर, म्हणजे खड्डा भरायला टोचायचं जेल, सांगितलंय, नेहमीची पार्लरवाली म्हणते तेच मी निम्म्या पैशात करून देते, भाचीचं लग्न ५ आठवड्यांवर आलंय, आता काय करू?

मी डोळ्यांची डॉक्टर, त्यातही पापण्या आणि डोळ्याभोवतीचा भाग एवढंच माझं काम, कोल्हापुरात १९ वर्षं हेच करतेय. फोटोवरून मी कधीच ठाम सांगत नाही, कारण या भागाला बोट लावून बघितल्याशिवाय निम्मी गोष्ट कळतच नाही. पण मी पेशंट समोर बसल्यावर विचार कसा करते ते सांगू शकते, त्यातलं तुमचं तुम्हाला बरंचसं लागू करता येईल.

तर ताई, "फिलर घेऊ का" हा खरा प्रश्न नाहीये. खरा प्रश्न आहे की डोळ्याखाली जे दिसतंय ते नेमकं आहे काय. आपल्याकडं "डोळे खोल गेले" या एकाच वाक्यात चार वेगळ्या भानगडी येतात. खरोखरचा खड्डा असतो, नाहीतर पुढं आलेली पिशवी असते, नाहीतर कातडीचा काळा रंग, नाहीतर सैल पडलेली सुरकुतलेली कातडीच. चाळिशीनंतर बहुतेकींच्यात यातलं दोन-तीन एकत्र असतं. आणि गंमत अशी की एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की चेहरा सुधारत नाही, बिघडतो.

डोळ्याखालची कातडी सगळ्या अंगात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतोच, लगेच स्नायू. त्याच्यामागं डोळ्याला मऊ राहावं म्हणून चरबीच्या गाद्या असतात, खालच्या पापणीत तीन, आणि त्यांना आत धरून ठेवायला एक पातळ पडदा. डोळ्याच्या खोबणीच्या कडेला एक बंध असतो, तो कातडीला हाडाशी घट्ट बांधून ठेवतो. आता वय वाढलं की पडदा सैल होतो, गादी पुढं डोकावायला लागते. गालाची चरबी आटते आणि थोडी खाली उतरते. खोबणीच्या हाडाची कडसुद्धा झिजून मागं सरकते, हे लोकांना खरं वाटत नाही, पण हाडही म्हातारं होतं. एवढं सगळं हलतं आणि तो बंध मात्र आहे तिथंच राहतो. कापसाच्या गादीला टाके घातलेले असतात ना, टाका तिथंच आणि आजूबाजूचा कापूस फुगलेला, तसंच हे. जो चर दिसतो तो टाक्याच्या जागेचा.

म्हणून मी पेशंटला नेहमी म्हणते की तुमचा खड्डा हा बऱ्याचदा खड्डा नसतोच, शेजारच्या उंचवट्याची सावली असते. हे घरी बघता येतं. दुपारी ट्यूबलाइट बंद करून खिडकीकडं तोंड करून उभं राहा, हातात आरसा धरा आणि हनुवटी हळूहळू वर करा म्हणजे उजेड सरळ समोरून चेहऱ्यावर येईल. काळेपणा गायब झाला तर ती सावली होती. किरणोत्सवात अंबाबाईवर मावळतीची किरणं कशी सरळ समोरून येतात आणि चेहरा उजळून निघतो, तसा उजेड पाहिजे. आपल्या घरातले आणि शाळेतले दिवे सगळे डोक्यावर, त्यामुळं प्रत्येकाच्या डोळ्याखाली सावली पडणारच, पंचविशीतल्या पोरीच्यासुद्धा पडते. हनुवटी वर करूनही काळं तसंच राहिलं तर कातडी बोटानं हलकी बाजूला ओढा. रंग कातडीबरोबर सरकला तर तो कातडीतला रंग. ओढल्यावर उलट जास्त निळसर-जांभळं दिसायला लागलं तर पातळ कातडीतून आतल्या शिरा आणि स्नायू दिसतायत. मग आरसा समोर ठेवून मान न हलवता फक्त नजर वर करा, डोळ्याखाली फुगवटा वाढला तर ती चरबीची गादी आहे.

अजून एक बघा. फुगवटा सकाळी जास्त आणि संध्याकाळपर्यंत कमी होत असेल तर त्यात पाण्याचा वाटा आहे. रविवारी रात्री पांढरा रस्सा दोन वाट्या जास्त ओरपला की सोमवारी सकाळी डोळे सुजलेले असतात की नाही, ते मिठाचं. चरबी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं करत नाही. ज्यांची सूज अशी कमीजास्त होते त्यांच्यात मी फिलरला हात लावत नाही, का ते पुढं सांगते.

ताई, तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. वर्षात ११ किलो. चेहऱ्याची चरबी त्यात गेली, आणि ती परत भरून काढावी असं वाटणं साहजिक आहे. पण वजन अजून उतरतंय की थांबलंय? उतरत असेल तर आज मी मापात भरलेलं सहा महिन्यांनी मापात राहणार नाही. वजन परत थोडं वाढलं तर गालही थोडे भरतात आणि मग भरलेलं जास्त वाटायला लागतं. मी वजन सहा महिने एका जागी राहिल्याशिवाय हात लावत नाही. पेशंट चिडतात, काही दुसरीकडं जातात, जाऊ देत.

त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या. थायरॉइडमध्ये डोळे पुढं येतात, पापण्या सुजतात, आणि लोक त्याला वय झालं म्हणतात. सर्दी-अॅलर्जीनं डोळे चोळायची सवय असेल तर ती आधी बंद, चोळून चोळून कातडी काळी आणि जाड होते आणि वरून कितीही क्रीम लावलं तरी चोळणारा हात त्याच्यावर पाणी फिरवतो. आणि मेडिकलमधून आणलेलं ते गोरं करणारं मिक्स क्रीम लावत असाल तर आधी मला त्याची ट्यूब दाखवा. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. पापणीवर महिनोन्महिने स्टिरॉइड लावलं की कातडी अजून पातळ होते, डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काळं घालवायला गेलं आणि नजर गमावून बसलं असं व्हायला नको.

एक किस्सा सांगते, विषयाला धरूनच आहे. एसटीतून रिटायर झालेले एक काका आले होते, मुलगी घेऊन आली होती. तिचं म्हणणं बाबांचा उजवा डोळा आत चाललाय, अर्धांगवायू तर नाही ना. खरंच उजवा डोळा डाव्यापेक्षा खोल, वरची पापणी आत ओढल्यासारखी, पापण्यांचे केस मात्र उजवीकडं लांबसडक आणि काळेभोर. मी विचारलं, काका, रात्री कुठला ड्रॉप घालता? त्यांनी शर्टाच्या खिशातून बाटली काढली. काचबिंदूचा ड्रॉप, फक्त उजव्या डोळ्यात, कित्येक वर्षं. लॅटॅनोप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट या जातीच्या औषधांनी डोळ्याभोवतीची चरबी आटते, केस वाढतात, कातडी काळवंडते. त्यांच्या काचबिंदूच्या डॉक्टरांशी बोलून औषध बदललं, काही महिन्यांत खड्डा बराचसा भरून आला, सगळा नाही. हे वाचून कोणी आपला ड्रॉप स्वतःच्या मनानं बंद करू नका, खड्ड्यापेक्षा नजर मोठी. पण ज्या पोरी पापण्या दाट व्हाव्यात म्हणून ऑनलाइन सीरम मागवून लावतात त्यांनी बाटलीवर याच जातीचं नाव आहे का ते वाचा. लॅशेस दाट आणि डोळे खोल, असा सौदा होतो कधीकधी.

आता उपायांकडं येऊ. क्रीमचं पटकन उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. सनस्क्रीन, रात्री कमी ताकदीचं रेटिनॉल आठवड्यातून दोन-तीनदा, व्हिटॅमिन सी, एवढ्यानं रंग आणि बारीक सुरकुत्यांत महिन्यांनी फरक पडतो. कॅफिनवालं क्रीम तासा-दोन तासांची सूज उतरवतं. खड्डा मात्र जगातल्या कुठल्याच क्रीमनं भरत नाही, चार हजाराचं असो नाहीतर चाळीस रुपयाचं. बोटॉक्स डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या, हसताना पडणाऱ्या रेषांसाठी चांगलं, तीन-चार महिने टिकतं, पण तेही खड्ड्याचं औषध नाही. पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्या रक्तातले प्लेटलेट टोचायचं, सध्या लई वेड आहे. कातडीचा पोत थोडा सुधारतो असा माझा अनुभव, खड्डा भरेल असं मी कुणाला सांगत नाही. लेझर आणि सुया टोचणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सी मशीननं कातडी आवळते, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ताकद जास्त झाली की उलट काळे डाग पडतात, म्हणून ते कमी ताकदीत, जास्त बैठकांत आणि मे महिन्याच्या उन्हात तर नकोच.

फिलर. हायल्युरॉनिक अॅसिडचं जेल. हा पदार्थ मुळात सापडला तोच गाईच्या डोळ्यात, १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांना, त्यामुळं आम्हा डोळेवाल्यांना उगीच त्याच्याबद्दल आपुलकी. अमेरिकेत खास डोळ्याखालच्या खड्ड्यासाठी म्हणून त्याला परवानगी मिळाली २०२२ मध्ये एका ब्रँडला आणि २०२३ मध्ये दुसऱ्याला, त्याआधी डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वापरायचेच. ज्याची कातडी जरा जाड आहे, पिशवी नाही, सकाळची सूज नाही, खड्डा खराच आहे, त्याला फिलरनं सुंदर फरक पडतो आणि लगेच पडतो. लगेच पडतो हेच त्याचं आकर्षण आणि हाच त्याचा धोका.

हे मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत बँकेत काम करणारी एक पेशंट होती, खुर्चीवरच आरशात बघून इतकी खूश झाली की "मॅडम, अजून थोडं" म्हणाली आणि मीही भरलं. दोन्हीकडं मिळून जवळपास दीड मिली. दीड वर्षानं ती परत आली तेव्हा सकाळी डोळ्याखाली गाठोडं बांधल्यासारखं दिसायचं आणि ट्यूबलाइटखाली निळसर पट्टा. हे जेल पाणी धरून ठेवतं, आणि पातळ कातडीखाली वरच्या थरात राहिलं की उजेड त्यातून निळा परततो. ती बिचारी दुसऱ्या कुणाकडून अजून फिलर घ्यायच्या तयारीत होती, खड्डा परत आला असं तिला वाटत होतं. मी हायल्युरोनिडेजचं इंजेक्शन देऊन दोन बैठकांत सगळं विरघळवलं. नंतर महिनाभर ती आधीपेक्षा थकलेली दिसली आणि एका शब्दानं बोलली नाही मला, तेच जास्त लागलं. तेव्हापासून नियम केला की पहिल्या बैठकीत एका डोळ्याला अर्ध्या मिलीच्या वर नाही, चार आठवड्यांनी बघायचं, आणि पेशंटनं "अजून थोडं" म्हटलं की आरसा काढून घ्यायचा. आणि ते वर्षभरात जिरतं असं जे सांगतात तेही पूर्ण खरं नाही, डोळ्याखाली ते वर्षानुवर्षं राहिलेलं एमआरआयमध्ये दिसलंय. म्हणून दरवर्षी टॉपअप करायचं पॅकेज कोणी देत असेल तर तिथून उठा.

तुम्हाला दोन सिरिंज सांगितल्यात त्याबद्दल. दोन मिली डोळ्याखाली भरणार असतील तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पण त्यातलं बरंचसं गालाच्या वरच्या भागात, हाडाच्या जवळ घालणार असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्यासारखं वजन उतरलेल्यांच्यात गालाचा आधार गेलेला असतो, तो आधार परत दिला की डोळ्याखालचा चर निम्मा आपोआप कमी होतो आणि तिथं फार थोडं, कधीकधी काहीच घालावं लागत नाही. त्यामुळं त्यांना एवढंच विचारा की कुठं किती घालणार. कागदावर काढून दाखवलं तर माणूस कामाचा आहे.

पार्लरचं मात्र मी थोडं कडक बोलणार. डोळ्याच्या आणि नाकाच्या कडेनं ज्या रक्तवाहिन्या जातात त्या आतून डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या आहेत. जेल चुकून वाहिनीत गेलं आणि दाबानं उलटं मागं सरकलं तर डोळ्याच्या आतल्या, ज्यानं दिसतं त्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद होतो, नजर जाते, आणि ती बहुतेक वेळा परत येत नाही. दुर्मिळ आहे, पण आहे. टोचताना कातडी एकदम पांढरी पडली, जाळीसारखे जांभळे डाग आले, असह्य दुखलं किंवा अंधारलं तर हातात मिनिटं असतात, तास नाही. त्या मिनिटात हायल्युरोनिडेज फोडून टोचणारा माणूस समोर पाहिजे. पार्लरच्या फ्रीजमध्ये ते असतं का आणि असलं तरी द्यायचं कुठं ते तिला माहीत आहे का? थ्रेडिंग तिच्याकडं जरूर करा, हात चांगला असेल तिचा. आपल्याकडं एका मिलीच्या सिरिंजला ब्रँड आणि डॉक्टर बघून साधारण २० ते ३५ हजार पडतात, त्याच्या निम्म्यात कोणी देत असेल तर सिरिंजमध्ये काय आहे हा प्रश्न वेगळाच. बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावायचा आणि स्टिकर आपल्या फाइलला चिकटवून घ्यायचा, डॉक्टर कुणीही असो, मी असले तरी.

स्वतःची चरबी काढून भरायची पद्धतही आहे, पोट-मांडीतून काढायची, बारीक करायची आणि टोचायची. टिकली तर कायमची टिकते, पण किती टिकेल ते आधी सांगता येत नाही, आणि गाठ झाली तर ती विरघळवायला औषध नाही. वजन वरखाली झालं की तीही वरखाली होते. गालफडांसाठी मला ती आवडते, थेट पापणीखाली मी जपून वापरते.

आणि राहिली सर्जरी. नजर वर केल्यावर तुमचा फुगवटा वाढला असेल, म्हणजे पिशवी असेल, तर फिलरनं तिच्याखालचा चर भरून काढणं म्हणजे एका उंचवट्याशेजारी दुसरा उंचवटा. तिथं खालच्या पापणीची सर्जरी बरी. पापणीच्या आतल्या गुलाबी बाजूनं जायचं, बाहेर टाका नाही, व्रण नाही. पूर्वी चरबी काढून टाकायचे, त्यानं दहा वर्षांनी डोळे अजून खोल जायचे, तसे पेशंट आजही येतात माझ्याकडं. आता ती चरबी काढण्यापेक्षा त्याच चरात पसरून बसवतात, जे पुढं आलंय तेच खाली भरायचं, आपलंच सामान आपल्याच घरात दुसऱ्या खोलीत. दोनेक आठवडे काळंनिळं राहतं, खरा आकार दोन-तीन महिन्यांनी कळतो. वरची पापणी लोंबत असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि ती नुसती जास्तीची कातडी आहे की पापणी उचलणारा स्नायूच कमजोर झालाय ते आधी तपासायचं, दोन्हींची ऑपरेशनं वेगळी.

मग तुमचं काय. वजन थांबलंय की नाही ते माहीत नाही, लग्न ५ आठवड्यांवर, पिशवी आहे की नाही तेही माहीत नाही. तुमच्या जागी मी असते तर लग्नाआधी काहीही टोचून घेतलं नसतं. फिलर करायचंच म्हटलं तर चार आठवडे हाताशी पाहिजेत, काळंनिळं झालं तर उतरायला आणि चुकलं तर निस्तरायला, म्हणजे तुम्हाला याच आठवड्यात घाईनं ठरवावं लागेल, आणि डोळ्याच्या बाबतीत घाई मला पटत नाही. लग्नापुरतं निळसर काळ्यावर केशरी झाक असलेला करेक्टर फक्त चरात लावा, फुगवट्यावर नाही, वर थोडं कन्सीलर, आणि फोटोवाल्याला सांगा लाइट डोक्यावरून नको, समोरून आणि जरा खालून. रक्ताच्या तपासण्या आत्ताच करा. लग्न झालं, वजन स्थिर राहिलं, मग तपासून गाल आधी आणि डोळा नंतर, किंवा पिशवी निघाली तर सरळ सर्जरी, किंवा काहीच नको. काहीच नको हेही मी आठवड्यातून दोन-चार जणींना सांगते, फी तपासणीचीच घेते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती लिहून आणा, स्वतः बंद करू नका. दाताचं काम काढलं असेल तर ते आणि फिलर यात दोन आठवडे अंतर ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी स्वतःच्या लग्नाचा अल्बम घेऊन जा. परवाच एक काकू प्लास्टिकची पानं चिकटलेला, कोपरा फाटलेला अल्बम घेऊन आल्या, आम्ही दोघींनी मिळून बघितलं तर बाविसाव्या वर्षीही डोळ्याखाली तोच चर, त्यांच्या आईच्याही चेहऱ्यावर तोच. काकू म्हणाल्या, "अगं बया, हे तर घरचंच आहे की." चहा घेऊन गेल्या. आणि येताना काजळ लावून येऊ नका, ते पुसण्यातच आमची दहा मिनिटं जातात.